बिनकटकटीचं झाड मागण्याआधी: ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य,
ठाणे व नवी मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की तुमच्या बैठकीत टाकीची सफाई, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गटारातला गाळ यांच्या खाली एक विषय येतो: वृक्षारोपण. त्यावर फार वेळ जात नाही. बागेच्या कंत्राटदाराला निरोप जातो आणि त्या निरोपात ठरलेल्या अटी असतात. झाड लवकर वाढलं पाहिजे. पाणी कमी लागलं पाहिजे. कीड लागता कामा नये. गुराढोरांनी तोंड लावता कामा नये. फुलं बारमाही हवीत. आणि उघड न बोललेली अट म्हणजे, स्वस्त हवं.

हे पत्र त्या निरोपाबद्दल आहे. मी ठाण्यात राहते, आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या सोसायट्या रोपांची यादी मला दाखवायला आणतात. ती वाचताना मला हसू येतं आणि धास्तीही वाटते. कारण परक्या मुलखात जाऊन तिथलं रान गिळणाऱ्या वनस्पतीचं वर्णन मला कुणी लिहायला सांगितलं, तर मी जवळजवळ याच अटी लिहीन.

आधी एक खुलासा. ‘विदेशी झाड दिसलं की उपटा’ असं मी सांगणार नाही. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ, काजू ही सगळी अमेरिकेतून आलेली मंडळी आहेत. देवळापुढचा चाफासुद्धा तिकडचाच. ‘आम्ही फक्त देशी लावतो’ अशी पाटी लावणाऱ्या सोसायटीने स्वयंपाकघरात डोकावलं तरी पंचाईत व्हायची. प्रश्न झाड कुठून आलं हा नाही. कुंपणाबाहेर गेल्यावर ते काय करतं, हा आहे. आणि त्याचा अंदाज बांधायला झाडाचं कुळ थोडीफार मदत करतं.

जगभरच्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठी मोजदाद प्रसिद्ध झाली. माणसाने मूळ प्रदेशाबाहेर नेलेल्या आणि तिथे कुणी न लावता, न जोपासता पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेल्या वनस्पतींच्या जाती तिच्यात १३,१६८ भरल्या. जगातल्या एकूण संवहनी वनस्पतींच्या (म्हणजे अंगात पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या असलेल्या) हे प्रमाण ३.९ टक्के. पण हे यश सगळ्या कुळांना सारखं मिळालेलं नाही. सूर्यफुलाचं कुळ, गवतांचं कुळ आणि शेंगांचं कुळ ही तीन घराणी अशा याद्यांमध्ये सगळ्यात वर असतात. तुम्ही म्हणाल, ही कुळं मुळातच मोठी, त्यांची संख्या जास्त असणारच. मग आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, कुळ बघा. पंचवीस हजारांहून अधिक जाती, आकाराने सूर्यफुलाच्या कुळाच्या बरोबरीचं. शोभेसाठी जगभर हौसेने नेलेलं. तरीही परक्या मातीत स्वतःच्या बळावर स्थिरावलेल्या आमऱ्या फार थोड्या.

कारण आमरीला एकटीने संसार थाटता येत नाही. तिचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, त्यात शिदोरी नसतेच. योग्य बुरशी भेटली आणि तिने भरवलं तरच ते रुजतं. मोठं झाल्यावर परागीभवनाला बहुतेक जातींना ठराविकच कीटक लागतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात जुन्या झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी फुललेली पाहिली असेल तर लक्षात घ्या, तिथे एक झाड दिसत असलं तरी ते एका अख्ख्या गोतावळ्यावर उभं आहे. ती उचलून हजारो मैलांवर नेली की गोतावळा इथेच राहतो.

वड-पिंपळांचंही असंच. प्रत्येक जातीची स्वतःची एक इवलीशी माशी असते. उंबर फोडल्यावर उडतात ना केंबरं, त्यातलीच. नांद्रुक अमेरिकेतल्या फ्लोरिडात शोभेसाठी लावला गेला आणि अनेक दशकं शहाण्यासारखा उभा राहिला. रुजणारं बी धरायचंच नाही. मग १९७० च्या दशकात त्याची माशी तिथे पोहोचली आणि नांद्रुकाची रोपं भिंतींच्या फटींत, पुलांच्या सांध्यांत उगवायला लागली. इमारतीच्या पाइपामागे पिंपळ उगवल्याची तक्रार दर महिन्याला ऐकणाऱ्या सचिवांना हे वेगळं समजावून सांगायला नको. झाड तेच, हवा तीच. बदललं ते फक्त जोडीदार हजर असणं.

आता जिंकणाऱ्या घराण्यांकडे या. खाली उतरा आणि पार्किंगच्या कडेला पेव्हर ब्लॉकच्या फटीतली एकदांडी बघा. दगडी पाला म्हणतात तीच. मूळची मध्य अमेरिकेची. वीतभर केसाळ दांड्यावर एक पिवळट फूल. ते खुडून नखाने उघडलं तर दिसेल की ते एक फूल नाहीच. कडेला पाच-सहा फिकट फुलं, प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते, आणि मधे पिवळ्या नळ्यांसारख्या बारीक फुलांचा गच्च गठ्ठा. माशी, मधमाशी, पिटुकलं फुलपाखरू, जो येईल त्याला मध सहज मिळतो आणि एका बैठकीत कितीतरी फुलांचं काम उरकतं. ठराविक पाहुण्याची वाट पाहायची नाही. पिकल्यावर प्रत्येक नळीचं एक बी, आणि बीला पिसांची छत्री. वाऱ्याची झुळूक पुरे, नाहीतर पॅंटचा काठ.

याच कुळातलं गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात नजरेत भरलं आणि आज देशात कुठेही जा, ते तुमच्या आधी पोहोचलेलं असतं. एका मोठ्या झाडाला हजारोंनी बिया. अंगात अशी रसायनं की गुरं तोंड लावत नाहीत आणि माणसाच्या कातडीला खाज सुटते. कोकणातली रानमोडीही याच कुळातली. ‘कीड लागू नये, गुरांनी खाऊ नये’ ही आपली अट या मंडळींनी आपण सांगायच्या आधीच पूर्ण केलेली आहे.

आणि याच कुळातली एक तुमच्या सोसायटीत आत्ता बहुधा हजर आहे, पैसे देऊन आणलेली. वेडेलिया. चकचकीत हिरवी पानं, पिवळी फुलं, जमीन झाकणारी. रस्त्यांच्या दुभाजकांतही तीच आणि बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटबाहेरही तीच. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेची. जगातल्या सर्वात उपद्रवी १०० आगंतुक जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केली आहे, तिच्यात तिचं नाव आहे. ती बियांवर फारशी विसंबत नाही. तिचा वीतभर तुकडा हातात घ्या: जमिनीला टेकलेल्या प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या मुळांचे कोंब आलेले असतात. म्हणजे जितके सांधे, तितकी नवी झाडं. घोडबंदर रोडच्या बाजूला रानाला लागून असलेल्या एका सोसायटीत मी माळीदादांना छाटलेली वेडेलिया घमेल्यातून मागच्या भिंतीपलीकडे ओतताना पाहिलं. त्यांची चूक नव्हती. कचरा वेगळा करून ठेवला तर तो उचलायला कुणी येत नव्हतं. भिंतीपलीकडे नाला होता आणि नाल्याच्या दोन्ही काठांवर खालपर्यंत वेडेलियाच वेडेलिया. पाणी तुंबलेलं तिला चालतं, खारटपणाही बऱ्यापैकी चालतो. म्हणजे खाडीच्या तोंडापर्यंत तिची वाट मोकळी आहे.

गवतं बाजूला ठेवून तिसऱ्या, शेंगांच्या घराण्याकडे या. पारसिकच्या डोंगरउतारावर, बंद पडलेल्या दगडखाणींच्या कडेला, रेल्वे रुळांच्या बाजूला, डेब्रिसच्या ढिगांवर सुबाभूळ आणि उंदीरमारी एवढी का माजते? या मातीत नत्र जवळजवळ नसतं. मुरुमात नाहीतर विटांच्या चुऱ्यात बाकीच्यांची उपासमार होते. शेंगवर्गीयांच्या मुळांवरच्या गाठीत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र बांधून देतात, त्यामुळे यांची चूल तिथेही पेटते. सुबाभळीला दुसरं झाडही लागत नाही. तिची फुलं स्वतःच्याच परागांवर फळतात. हर्बर्ट बेकर या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हा मुद्दा मांडला होता: दूरवर एकटंच पोहोचलेलं झाड वसवायचं असेल तर ते स्वफलित असलेलं बरं, जोडीदाराची वाट बघत ते मरत नाही. वर बियांचं कवच इतकं टणक, की वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. झाड तोडलं म्हणजे सुबाभूळ गेली असं होत नाही, ऊन पडलं की खालची पिलावळ उठते.

‘कीड लागत नाही’ या कौतुकाबद्दल थोडं. मूळ गावी सुबाभळीला खाणारे, पोखरणारे, रस शोषणारे भरपूर आहेत. इथे बी आलं, ते सगळे मागे राहिले. पुढे १९८० च्या दशकात तिची एक बारीक रसशोषक कीड समुद्र ओलांडत आशियात आली आणि चारा म्हणून लावलेल्या सुबाभळीचे शेंडे वाळू लागले. तोवर मिळालेली मोकळीक ही झाडाची शक्ती नव्हती, शत्रू गैरहजर होते एवढंच. आणि ज्या झाडाचं पान एकही सुरवंट खात नाही, त्या झाडावर पक्ष्यांच्या पिल्लांना भरवायलाही काही नसतं. लिंबाच्या रोपावर सुरवंट दिसला की लगेच फवारणीवाल्याला बोलावणाऱ्या सदस्यांनो, आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्याच कुळातली पानं खाऊन मोठं होतं.

स्थळ आलं की आपण आधी घराणं विचारतो, पण लग्न घराण्याशी होत नाही. इथेही तसंच. गुलमोहर शेंगांच्याच कुळातला, मूळ मादागास्करचा. आपल्याकडे रस्तोरस्ती लावलेला. पण येऊरच्या रानात त्याची पिलावळ सहसा दिसत नाही. हातभर लांब, लाकडासारखी शेंग, ती वाहून नेणारं इथे कुणी नाही. वादळात फांद्या मोडतात हा त्याचा दोष आहे, रान गिळतो हा नाही. सूर्यफुलाच्या कुळातली सोनकी तर आपल्या सह्याद्रीचीच. उलट सिंगापूर चेरीचं कुळ पाहिलं तर एवढंसं, जगभरात जेमतेम तीन जाती. त्यातली ही एक मात्र पाखरं आणि वटवाघळं गोड फळांसाठी गावभर पेरत फिरतात. जलपर्णीचं कुळही छोटंच, आणि उल्हास नदीची तिने काय अवस्था केली ते कल्याणकरांना विचारा.

डार्विनने १८५९ मध्येच या कोड्यात हात घातला होता. पाहुण्याचे जवळचे नातेवाईक नव्या मुलखात असले, तर सारख्याच गरजांपायी त्यांच्याशी पाहुण्याची चुरस जास्त होईल, म्हणून नातेवाईक नसलेला पाहुणा जास्त लवकर बस्तान बसवेल, असं त्याचं म्हणणं. पण नातेवाईक आहेत याचा अर्थ हवामान सोसतं असाही होतो, हेही त्याला दिसत होतं. सुबाभूळ आणि गाजर गवत पहिल्या बाजूचे साक्षीदार. त्यांच्या प्रजातीतलं (म्हणजे ‘जीनस’मधलं) मूळचं भारतीय असं कुणी नाही. वेडेलिया दुसऱ्या बाजूची, तिची सख्खी चुलत बहीण पिवळा भृंगराज आपल्याकडचीच आहे. हा वाद अजून मिटलेला नाही आणि तुमच्या बैठकीत मिटवायची गरजही नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ही कुळं नुसत्या अंगच्या गुणांवर जिंकलेली नाहीत. आपण त्यांना उचलून नेलं. गवतं चाऱ्यासाठी नेली. शेंगवर्गीय झाडं सरपणासाठी, चाऱ्यासाठी आणि माळरान हिरवं करण्यासाठी नेली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुबाभूळ तर गरिबांचा कल्पवृक्ष म्हणून वाटली गेली. घाणेरी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली होती. आज ती येऊरच्या पायवाटांवर बुलबुलांनी पेरलेली दिसते. मार्क विल्यमसन या शास्त्रज्ञांचा एक ढोबळ ‘दहाचा नियम’ सांगतो की बाहेरून आणलेल्या दहांतली एखादी जात बाहेर मोकळी उगवते, तशा दहांतली एखादी स्थिरावते, आणि स्थिरावलेल्या दहांतली एखादी उपद्रव करते. हजारात एक. मग काळजी कशाला? कारण आपण हजार वेगवेगळी झाडं लावत नाही. सगळ्या सोसायट्या त्याच पाच-सात नर्सऱ्यांतून तीच पाच-सात रोपं उचलतात, दरवर्षी, ट्रक भरभरून. एखाद्या बीला शंभर वेळा संधी हुकली तर एकशे एकाव्या वेळी ती तुम्हीच मिळवून देता.

आपण या खेळात फक्त मार खाणारे आहोत असंही समजू नका. आपली बाभूळ सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला नेली गेली, आता तिथल्या सरकारने ती राष्ट्रीय पातळीवरचं तण ठरवली आहे. जांभळाने हवाईत उच्छाद मांडला आहे. खाडीकाठच्या चिपीची एक जात १९८५ मध्ये बांगलादेशच्या सुंदरबनातून चीनच्या हायनान बेटावर नेली. ती इतकी झपाट्याने वाढली की तिथले अभ्यासक आता तिच्याकडे संशयाने बघतात. इथे जिच्या तोडीविरुद्ध आपण भांडतो, तीच तिथे आगंतुक.

‘अहो, आमच्याकडे वीस वर्षं आहे हे झाड, कुठे पसरलंय?’ हा प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. जर्मनीतल्या ब्रँडनबुर्ग प्रांतात बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांच्या नोंदी १९९५ मध्ये तपासल्या गेल्या. पहिल्यांदा लावल्यापासून आपसूक पसरायला लागेपर्यंत सरासरी १४७ वर्षं गेली होती. थंड प्रदेशातला आकडा आहे, आपल्याकडे झाडं लवकर वयात येतात, त्यामुळे तो जसाच्या तसा घेऊ नका. पण नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. अख्ख्या नवी मुंबईचं वय अजून साठ नाही. वाशी-नेरुळच्या सेक्टरांत जे जे लावलं, त्याचा निकाल लागायचा आहे.

तर या जूनमध्ये काय करायचं?

पहिलं, आपली जागा कुठे आहे ते बघा. नौपाड्यात चारी बाजूंनी काँक्रीट असलेल्या आवारात वर्षावृक्ष लावलात तर माझी काही हरकत नाही, सावली तरी मिळेल. पण येऊर-मानपाड्याच्या बाजूला, घोडबंदर पट्ट्यात, पारसिकच्या पायथ्याशी रानाला लागून असाल, किंवा ऐरोली, वाशी, नेरुळला तिवरांच्या कडेला असाल, तर तुमची भिंत ही रानाची सीमा आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. तिच्या काठच्या सोसायटीला ‘आमच्या कंपाउंडच्या आतलं आम्ही बघू’ म्हणता येणार नाही, कारण नाल्याला कंपाउंड नसतं.

दुसरं, कंत्राटदाराकडून कोटेशन घेताना ‘शोभेची रोपं, नग १००’ एवढ्यावर सही करू नका. प्रत्येक रोपाचं शास्त्रीय नाव आणि कुळ लिहून मागा. नाव कळलं की ते दुसऱ्या देशात कुठे मोकाट सुटलंय का, हे फोनवर दोन मिनिटांत सापडतं. मग विचारा: एकट्या झाडाला बी धरतं का? ते बी कोण नेतं, वारा, पाखरं की पाणी? तुकड्यावरून रुजतं का? कंत्राटदाराला उत्तर येत नसेल तर त्याला दोष देऊ नका, आजवर त्याला हे कुणी विचारलेलंच नाही.

जुनी झाडं मात्र तोडत सुटू नका. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, मग झाड देशी असो वा परदेशी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जाची तरतूद केली आहे, म्हणजे सिडकोच्या सुरुवातीच्या काळातले काही परदेशी वृक्ष आता आपला वारसा ठरायला आले! मला त्यात गंमत वाटते, तक्रार नाही. सुबाभळीचं गुडघाभर रोप उपटायला हरकत नाही. मुळासकट उपटा, पावसात माती मऊ असताना.

लावायचं काय? ताम्हण आपलं राज्यफूल आहे. बकुळ, करंज, पुत्रंजीवा ही सावलीची शहाणी झाडं आहेत. खाडीच्या वाऱ्याला उंडी आणि भेंड दाद देत नाहीत. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी. त्यांनाही बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत, तेव्हा तुमची ती अटही भागेल. वेडेलियाच्या जागी ओलसर जागेत जलपिंपळी पसरते, लहान फुलपाखरं तिच्यावर गर्दी करतात. ती घाणेरीच्या कुळातली आहे, आणि तरी मी तिची शिफारस करते आहे. यांतली बरीचशी पहिली दोन वर्षं सावकाश वाढतात. पाणी घालावं लागतं. थोडी कीड लागेल, थोडी पानं कुरतडली जातील. एवढी कटकट सोसायचं ठरवा.

वेडेलिया काढणार असाल तर ती ओली भिंतीपलीकडे टाकू नका आणि तशीच कंपोस्टच्या खड्ड्यातही घालू नका. काळ्या ताडपत्रीखाली उन्हात पूर्ण वाळू द्या, सांधे ठिसूळ होऊन मोडेपर्यंत. हे उन्हाचे दिवस आहेत तोवरच जमेल. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते हे मला ठाऊक आहे, पण हा विषय तिच्यावर ढकलू नका. तोवर पावसाने प्रत्येक तुकडा रुजवलेला असेल. या महिन्याच्या मासिक बैठकीतच ठराव घ्या आणि माळीदादांनाही त्या बैठकीत खुर्ची द्या, कारण छाटलेलं जातं कुठे हे तुमच्यापेक्षा त्यांना नक्की ठाऊक आहे.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका
ठाणे (पश्चिम)